कापसाकडे पाठ करून बसलेले पाहुणे

बार्शीटाकळीजवळच्या त्या वावरात मी पोचले, तेव्हा पुण्याहून आलेले पाहुणे लाल कार्पेटवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत ओळीनं बसले होते, साखरपुड्याला आल्यासारखे. मागे कापूस फुटून शेत पांढरंशुभ्र झालेलं, आणि सगळ्यांची पाठ त्याच्याकडेच.

माझं काम कृषी पर्यटनासाठी शेतं तपासायचं. ऑफिसात त्याला रेडीनेस व्हिजिट म्हणतात. टॉयलेट, पिण्याचं पाणी, फर्स्ट एड तर बघायचंच. पण मुख्य म्हणजे पाहुण्यांच्या नादात शेत शेतच राहिलंय ना, ते बघायचं. हॉटेलच काढायचं तर अकोल्यात जागा काय कमी आहेत?

ही सगळी धडपड वैष्णवीची, वावराचे मालक नामदेवराव यांच्या सुनेची. त्यासाठी तिनं बँकेतली नोकरी सोडली होती. सासऱ्यांशी ठरलं होतं, आजची ट्रायल पास झाली तर पर्यटन, नाही तर परत बँक. बिचारीचा चेहरा पार उतरला होता.

"बैल कुठे आहेत?" मी विचारलं.

"भावाच्या वावरात धाडले," नामदेवराव खुशीत म्हणाले. "शेनाचा वास येते न पाहुण्यायले."

"आणि वेचणाऱ्या बाया?"

"त्यायले सुट्टी देली."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात एक पाहुणी उठून बोंडाला हात लावायला गेली. नामदेवराव धावलेच. "अवो ताई, राहू द्या! पाहुण्यानं कामाले हात लावाचा असते काय?" ती ओशाळून परत खुर्चीत.

ऑफिसमधून सरांचा फोन आला. "मॅडम, रेडी की नॉट रेडी?"

"सर, टॉयलेट रेडी आहे. शेतकरी नाही."

फोन ठेवून मी नामदेवरावांना विचारलं, "एवढा कापूस फुटलाय, वेचणी का नाही?"

"सीतादही नाई झाली न अजून. आजच होती, पन पाहुणे येऊन राहिले म्हनून उद्यावर ढकलली."

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधीची पूजा. पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. माणसं ज्यासाठी इतक्या लांबून आली, नेमकं तेच या भल्या माणसानं त्यांच्या सोयीसाठी पुढे ढकललं होतं!

"आजच करा," मी म्हटलं.

नामदेवराव कां-कू करायला लागले. पण त्यांच्या पत्नी शांताबाई दह्याचं गाडगं घेऊन निघाल्यासुद्धा. मागोमाग वैष्णवी. पूजा झाली. पळसाच्या द्रोणांतला दहीभात पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्ला. केटररच्या पनीरकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग शांताबाईंनी जाहीर केलं, "आमच्या वावरात ज्यानं सीतादहीचा भात खाल्ला, त्याले वेचाच लागते. पाहुना असो का कोनी असो."

घरचाच रिवाज. नामदेवराव तो कसा मोडणार?

पाहुण्यांनी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओढण्यांच्या ओट्या बांधल्या आणि पऱ्हाटीत घुसले. नामदेवराव थोडा वेळ केविलवाणे होऊन बघत राहिले. पण वाईट वेचणी त्यांना बघवेना. "अवो, पाला येऊन राहिला त्याच्यात! असं नाई, असं!" म्हणत ते ओळीत शिरले, ते बाहेर यायलाच तयार नाहीत. बैलही परत आले. वैष्णवी इतकी हसत होती की मलाही फार आनंद झाला.

मी सरांना फोन लावला. "सर, रेडी."

"मघाशी तर नाही म्हणालात!"

"शेतकरी आत्ता रेडी झाला."

काम संपलं म्हणून मी एका रिकाम्या खुर्चीवर टेकले, तर पऱ्हाटीतून नामदेवरावांची हाक आली, "मॅडम, भात तुमीबी खाल्ला न? उठा मंग!"

दुसऱ्या दिवशी कंबर धरली होती. तेव्हापासून कुठल्याही शेतावर गेले की आधी खुर्च्यांची तोंडं कुठे आहेत ते बघते. आणि भात खाण्याआधी रिवाज विचारून घेते.