मधल्या वाटेतलं एक मिनिट

‘इंजिनात बर्फ धरला म्हणून विमान पडलं’, एवढं कळलं की तुमची चौकशी संपते का?

माझी संपली होती. मी तर त्यावर पत्रकही काढलं. आमच्या घरात पत्रकांची सवय जुनी. वडील कालव्याच्या पाळीपासून अंगारे-धुपाऱ्यांपर्यंत कशावरही पत्रक काढायचे आणि आठवडी बाजारात मला वाटायला उभं करायचे. माझ्या पत्रकाचा मथळा होता, ‘जबाबदार कोण?’ खाली उत्तर दिलं होतं. बर्फ पडत असताना विमान धावपट्टीच्या कडेला खूप वेळ उभं होतं. इंजिनाच्या तोंडाशी बर्फ धरू नये म्हणून तिथं गरम हवा सोडायची सोय असते, ती कुणी चालूच केली नाही. विमान जमिनीवरून सुटलं आणि इंजिनांनी मान टाकली. बर्फाला दोष देऊ नका, माणसांना जाब विचारा, असं मी ठणकावून लिहिलं होतं. बारामतीच्या स्टँडवर आणि इंदापूरच्या बाजारात ते मी स्वतः वाटलं.

त्या पत्रकात एक माणूस कमी होता.

आम्ही इकडचे वीसेक जण उत्तरेकडच्या सफरचंदाच्या बागा बघायला गेलो होतो. बहुतेक पेरू-डाळिंबवाले. माळेगावचे एक आबा तेवढे ऊसवाले, हौसेनं आलेले. दौऱ्याची पुस्तिका लिहायची म्हणून मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी सगळे गारठले, तेव्हा निरवांगीच्या तात्यांनी एका दुकानदाराशी तासभर घासाघीस करून सगळ्यांना सारखे निळे स्वेटर घेतले. वर माकडटोप्या फुकट. “आता बँडच काढू,” आबा म्हणाले होते.

परत येताना विमान पडलं. धावपट्टीपुढच्या शेतात पोटावर घसरत गेलं आणि एका अंगावर कलून थांबलं. पुढच्या रांगांतले काही जण तिथंच गेले. आम्ही मागं होतो. आधी शांतता, मग रॉकेलसारखा वास, मग धूर. दार आमच्यापासून सहा-सात रांगांवर होतं आणि जायला ती एवढीशी मधली वाट. मी पट्टा सोडून वाटेत आलो आणि थांबलो. हात वर गेला. कप्प्याचं झाकण वाकलं होतं, पिशवीचा बंद त्यात अडकला होता. मी ओढत राहिलो. मागून माणसं माझ्या पाठीवर दाबली जात होती, कुणाचं तरी कपाळ माझ्या खांद्याला टेकलं होतं. “सरक की बाबा!” असा आवाज आला. तो कुणाचा हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, “एक मिनिट.”

तात्या जगले, पण धुरानं त्यांची छाती कायमची गेली. आता बागेच्या टोकाला जाईपर्यंत दोनदा बसतात. हाक मारायची तर आधी श्वास गोळा करतात.

वर्षभर मी त्यांच्या पडवीत जात राहिलो. जाऊ नये तर लोक विचारणार, जावं तर ती गोष्ट ऐकावी लागणार. पेरूंना फोमची जाळी घालता घालता तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायचे.

“म्होरं एक जण हुबा. नुसती पाठ. निळा स्वेटर न् टोपी, वळखायचं कसं? म्या म्हनलं सरक, तर म्हनतो, एक मिनिट! जनू एष्टीतनं उतरतोय.”

“मराठीत म्हनला?”

“व्हय तर. म्हंजी आपल्यातलाच. ते माळेगावचं येडं असनार. त्याचीच पिशवी मोठी हुती.”

हे ‘असनार’ महिन्याभरात ‘हुता’ झालं. आबांच्या नातीच्या साखरपुड्याला आमच्या गटातलं कुणी गेलं नाही. लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी पडवीतच होतो. तात्यांनी ती क्रेटखाली सारली आणि माझ्याकडं बोट दाखवून पाहुण्याला म्हणाले, “ह्यो बघा, ह्यानं इमानवाल्यांना सोडलं न्हाय. असा पायजे मानूस.”

मी दोन क्रेटच्या मधे बसलो होतो. उठायला जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. पाहुणा गेला. मग मी म्हणालो, “तात्या, आबा नव्हते. मी होतो.”

त्यांनी हातातल्या पेरूला जाळी पुरती चढवली.

“काय हुतं पिशवीत?”

“पुस्तिकेची वही. आणि बागांवर मिळालेली पत्रकं.”

“निघाली का पिशवी?”

“निघाली.”

“बरं झालं. पत्रकं वाचली.” त्यांनी श्वास गोळा केला. “तुझ्या त्या कागदात हे न्हाय छापलंस.”

“नाही.”

“फोन लाव आबाला. हितंच, माझ्या म्होरं. आन् मोठ्यानं बोल, मला ऐकू आलं पायजे.”

मी लावला. सगळं सांगितलं. पलीकडं उसाचा ट्रॅक्टर चालू होता, तो कुणीतरी बंद केला. आबा म्हणाले, “पोरा, मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय मी न्हवतो. ज्येंला ठाव न्हाय त्येंला सांग.” आणि फोन ठेवला.

तात्या मला जा म्हणाले नाहीत, बस असंही म्हणाले नाहीत. पुढचा क्रेट जवळ ओढून कामाला लागले.

म्हणून हे लिहितो आहे. इंजिनाबद्दल मी लिहिलं त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. ती हवा कुणी सोडली नाही, याचा जाब मागायचाच आहे. पण विमान थांबल्यावर तात्यांना धुरात कोंडून ठेवलं ते बर्फानं नव्हे.

तुम्हाला दोन गोष्टी मागतो. कुठल्याही गाडीतून, विमानातून जीव घेऊन बाहेर पडायची वेळ आली तर हात वर नेऊ नका, मागच्याला वाट द्या. आणि बारामती-इंदापूरकडं माळेगावच्या त्या आबांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पुढं कुणाला सांगितली असेल, तर आजच त्या माणसाला गाठा आणि सांगा की ते आबा नव्हते.