निघाली म्हणायचं

रोह्याच्या कंपनीतलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मामा म्हणाला, "घरी बसून काय करशील? ये माझ्याकडे गडब गावाला. ट्रान्सपोर्टची दलाली शिक." मामाचं ऑफिस म्हणजे हायवेला टायरच्या दुकानामागची खोली, दोन खुर्च्या आणि तीन मोबाइल. गाडी आपली नाही, मालही आपला नाही, फक्त दोघांची गाठ घालून द्यायची. कंपनीत मी डिस्पॅचला होते, त्यामुळे हे आपल्याला जमेल असं वाटलं.

मामाचा पहिला धडा असा, "मालाच्या पार्टीनं विचारलं गाडी कुठं हाय, तर निघाली म्हणायचं. मग ड्रायव्हर जेवत का असंना." तो इतक्या सहज थापा मारायचा की समोर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरलाही आपण वडखळ ओलांडलंय असं वाटावं. मला हसू यायचं.

गणपतीच्या आधी जोहे गावच्या कारखान्यांतल्या मूर्ती बाहेरगावी जातात. रोह्यात माल उतरवून रिकाम्या झालेल्या गाड्या मामा तिकडे वळवायचा. सोलापूरला मूर्ती नेणारी एक गाडी मी एकटीने जमवली. ड्रायव्हर निडी गावचा. त्याला मी कधी पाहिलं नाही, सगळं माझ्या मोबाइलवरून. शेवटचं बोलणं एवढंच झालं.

"ताडपत्री नीट बांधली ना?"

"व्हय ताई, बांधली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरवरून फोन आला आणि आवाज भलताच. पेट्रोल पंपावरचा कुणी माणूस होता. ड्रायव्हर छातीत कळ येऊन सीटवरच गेला होता. शेवटचा नंबर माझा दिसला म्हणून त्याने तो लावला. मामाने आधी मूर्ती शाबूत आहेत का विचारलं, मग दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि पार्टीला सांगितलं, गाडी निघाली.

त्या ड्रायव्हरचं दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी माझ्या मोबाइलवर पुन्हा त्याचं नाव आलं. त्याची बायको होती. मामाने माझ्या हातातला फोन घेतला, "बोला" म्हणत स्पीकरवर टाकला.

"शेट, शेवटचं तुमच्याशीच बोलले ना ते? काय म्हणले?"

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझीच आठवण काढत होता गो. म्हणला, आता घरी फोन लावतो."

"मंग लावला का नाय?"

"रेंज नसंल गो तिथं."

"तुमाला लागला ना."

मामाने वाजत नसलेला दुसरा मोबाइल उचलून कानाला लावला. त्याचं असं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला राहवेना. मी फोन जवळ ओढला. "वहिनी, त्यांच्याशी मीच बोलले होते. ताडपत्री बांधली, एवढंच म्हणाले ते. घरचं काही बोलणं झालं नाही."

"मंग आता कुणाचं खरं धरू मी?" तिने विचारलं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी गडबला गेले नाही. तो नंबर मात्र डिलीट करायला हात धजत नाही. फोन वाजला की तीच असेल असं वाटतं, आणि तिला काय सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही.