दाण्याच्या चाटणाचं बोट

"ओवीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे," शिरूरचे डॉक्टर म्हणाले. "आला तो अ‍ॅनाफिलॅक्सिसचा झटका होता. म्हणजे शरीर त्या दाण्यालाच शत्रू समजतं. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो."

ओवी माझी लेक, अडीच वर्षांची. संक्रांतीला शेजारणीनं हातावर तिळगूळ ठेवला, त्यात कूट होतं. वाटेतल्या दवाखान्यात अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मिळालं, म्हणून ती वाचली.

"इतके दिवस दाणे बंद कुणी ठेवले?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या सासूबाईंकडे वळले; मी त्यांना आत्या म्हणते. नऊवारी, कपाळावर गोंदण. "आजी, हे जुने समज आता सोडा."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मी ओवीचा फ्रॉक सारखा करत राहिले.

बंद मी केले होते. मी डी. फार्म. झालेली, शिक्रापूरला मेडिकलच्या काउंटरवर उभी राहणारी.

आमच्याकडे उष्टावणाला खीर झाली की घरातली म्हातारी भाजलेले दाणे दुधात अगदी मऊ वाटून बाळाला बोटानं चाटवते. माझा नवरा, दीर, सगळे ते चाटूनच वाढले. ओवीला तेव्हा एक्झिमा होता, म्हणजे गाल आणि कोपरं कोरडी पडून खाजून लाल व्हायची. अशा बाळाला तीन वर्षं दाणे नकोत, असं माझ्या कॉलेजच्या जुन्या वहीत होतं. तो सल्ला कधीच मागे पडला होता, पण मी वहीला चिकटून बसले.

उष्टावणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी आत्यांचं बोट झटकलं. "पोरगी मारायचीय का तुम्हाला?" मी म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं घरात कूट आलं नाही. आत्या एकादशीची खिचडी शेजारणीकडे बसून खायच्या आणि घरात येण्याआधी चूळ भरायच्या.

डॉक्टरांनी पुढे सांगितलं, तेव्हा चाटवलं असतं तर हे टळलंच असतं असं छातीठोक सांगता येत नाही. पण टाळल्यानं धोका वाढला. हे वाक्य मी रोज ऐकते. ओवी डबा उघडायच्या आधी विचारते, "मम्मी, यात दाने हायेत का?"

दुसरं बाळ झालं. सहाव्या महिन्यात तपासणी करून डॉक्टर म्हणाले, पहिलं चाटण इथंच, माझ्यासमोर द्या. आत्यांनी ते शेजारणीच्या पाट्यावर वाटून डबीतून आणलं.

तिथं मी सांगितलं, "डॉक्टर, ओवीचे दाणे मी बंद केले होते. त्या दिवशी तुम्ही आत्यांना बोललात."

डॉक्टरांना आठवेना. "असं का," म्हणाले आणि चाटवल्यावर बाळावर किती वेळ लक्ष ठेवायचं त्याचं घड्याळ लावलं.

तुमच्या बाळाला एक्झिमा असेल, तर भीतीनं दाणे बंद करू नका आणि आपल्या मनानं देऊही नका. आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा तर कुठल्याच बाळाला नको, तो घशात अडकतो. आणि घरातल्या म्हातारीला अडाणी म्हणण्याआधी आपली वही किती जुनी आहे ते बघा.

मी डबी आत्यांपुढे धरली. "तुम्ही चाटवा."

"नगं बाई," आत्या म्हणाल्या. "तुझंच बोट घाल. काय झालं तर म्हातारीचं नाव नगं."

मी बोट बुडवलं. बाळानं ते चोखलं आणि हसलं. त्याला काही झालं नाही. आत्या तोवर ओवीला घेऊन डबीपासून लांब, बाहेर फाटकापाशी जाऊन उभ्या होत्या, आणि ओवी विचारत होती, "मला कवा देनार?"