पायातल्या लोखंडाची पूजा

पहिल्यांदा ड्रेसिंगला गेले, तेव्हा शिवाआण्णा स्वतःच्याच पायावर पान्यानं टकटक करत कान लावून बसले होते.

"आण्णा, हे काय चाललंय?"

"आवाज बगतोय, सिस्टर. ढिल्ला नट येगळा वाजतो."

मी कपाळाला हात लावला. दिवसभर उभं राहून कंबरेचे टाके ढिले झालेले असताना असले पेशंट वाट्याला आले, की नोकरी सोडून घरी बसावंसं वाटतं.

आण्णा औंधकडचे, साखर कारखान्यात जन्मभर फिटर. उसाच्या ट्रॉलीखाली नडगीचा चुरा झाला, म्हणून त्यांना साताऱ्याला आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रिंग बसवली. म्हणजे पायाभोवती लोखंडी कड्या, हाडातून आरपार गेलेल्या तारा आणि कड्या जोडणारे रॉड. झोपायचं ते उताणंच, कुशीवर वळायची सोय नाही. रॉडचे नट रोज जरा-जरा फिरवायचे. हाड कणाकणानं सरकतं आणि मागं नवं हाड भरत येतं. बाकीच्या पेशंटना त्या नटाला हात लावतानाही घाम फुटतो. आण्णा मात्र पाना मिळाल्यावर खुलले. शेजारच्या खाटेवरच्या रिंगलाही पाना लावायला निघाले होते! मी ओरडले, तर म्हणाले, "आवं, बगवत न्हाई. कायबी मेंटेनन्स न्हाई त्येचा!"

"घरातला नळ गळतोय धा वर्सं," त्यांच्या बायको हौसाक्का म्हणाल्या, "तितं न्हाई कवा पाना लावला."

घरी गेल्यावरही आण्णा एक्स-रेला नेमानं यायचे. फिल्म उजेडावर धरली की एकच प्रश्न, "भरतंय का?" भरत होतं. काळ्या फटीत धुरकट पांढरं दिसायला लागलं होतं. पाय वाचणार, असं डॉक्टरही बोलून गेले.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी फिटर आपली हत्यारं पुजतो. आण्णांनी पाने, पक्कड, हातोडी सगळं पुजलं आणि शेवटी पायातल्या रिंगलाही झेंडू बांधला. तारा जिथं कातड्यात शिरतात, तिथं प्रत्येक ठिकाणी हळद-कुंकू दाबून लावलं. थोड्याच दिवसांत तापानं फणफणून आले. तारांच्या तोंडाशी पू.

"घसा कोरडा करून सांगितलं होतं ना, तिथं काही लावायचं नाही म्हणून!" मी अक्षरशः किंचाळले.

"आवं, सगळ्या हत्यारास्नी पुजलं. ज्येच्यावर माजा पाय हाय, त्येलाच कसं वगळू? आन् हळद चांगलीच असती की."

पू हाडात उतरला होता. तारा काढल्या, दुसरीकडून घातल्या, पुन्हा रिंग, पुन्हा इंजेक्शनं. वर्ष होत आलं. फिल्मवरची फट पुन्हा काळी झाली, ती काळीच राहिली. पुढं पुढं आण्णांनी विचारायचंही सोडलं. मलाही त्यांच्या खाटेशी जायचा कंटाळा यायला लागला. खोटा धीर तरी किती द्यायचा!

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा नवी रिंग बसवून बघू."

हौसाक्कांनी हात जोडले. "बसवा सायेब."

"नगं," आण्णा म्हणाले. "पाय काढा."

माझा तोल गेला. "आण्णा, एवढं सोसलंत, अजून थोडं सोसा की!"

"तुमी ड्युटी करून दमता, सिस्टर. मी झोपंत बी दमतोय. हिची बी कंबार गेली माजं उचलून. एक पाय जगवायला आमी दोगं मराय लागलोय. लय झालं."

हौसाक्का पदर तोंडाला लावून रडल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांनीही होकारार्थी मान हलवली.

आता आण्णा कृत्रिम पाय लावून गावात हिंडतात, चावडीवर वाद घालतात, सगळं ठीक आहे. मला आठवते ती ऑपरेशनची सकाळ. "न्यायच्या आदी लोखंड काढा, येकदा नुसता पाय बगू द्या," एवढंच त्यांनी मागितलं होतं. डॉक्टरांनी रिंग काढली, मी मऊ आधार बांधून दिला. हौसाक्कांनी कोमट पाण्यात फडकं पिळून ते वाळलेलं पाऊल पुसलं, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पुसता पुसता आण्णांचा डोळा लागला.

स्ट्रेचर आलं, तशी मी उठवायला पुढं झाले. हौसाक्कांनी माझा हात धरला.

"वर्सात पैल्यांदा कुशीवर निजल्यात," त्या म्हणाल्या. "वाईच थांबा."

मी स्ट्रेचर दारातच थांबवलं.