बाद झालेल्यांची पाटी

नेडा टिप्टनला सगळे टरकून असत आणि तिला ते मनापासून आवडायचं. एकतीस वर्षं तिने आमच्या अर्कान्सातल्या गावात शाळेची बस चालवली, आणि चोवीस वर्षं, दर शनिवारी, खडीच्या जुन्या खाणीतल्या आमच्या क्लबात नवख्यांना पिस्तूल चालवायला शिकवलं. बस असो की खाण, नियम एकच. बाई म्हणतील ते.

नवखे यायचे ते लग्नाला निघाल्यासारखे नटून. नेडा आधी त्यांच्या कमरेचा पट्टा चिमटीत धरायची.

"हा कशाला बांधलायस? पँट पडू नये म्हणून? अरे, पिस्तूल ओढशील तेव्हा पट्टा पण वर येईल! आधी जाडजूड पट्टा घे. मग होल्स्टर घे, पिस्तुलाचं म्यान, टणक, चाप पूर्ण झाकणारं. ही कापडी पिशवी बायकोला दे, कांदे आणायला होईल. वर पैसे उरले तर गोळ्या घे. महागड्या पिस्तुलाने नेम लागला असता तर गावातला दातांचा डॉक्टर चॅम्पियन झाला असता!"

मोठ्या गळ्याचा टॉप घालून आलेल्या पोरींना ती परत पाठवायची. "गळाबंद टीशर्ट घालून ये. तापलेलं रिकामं काडतूस उडून आत गेलं की तू नाचशील, आणि तुझ्याबरोबर हातातलं पिस्तूलही नाचेल. मला तो नाच बघायचा नाही." नेम चुकल्यावर कुणी पिस्तुलाला नावं ठेवली, तर नाचता येईना अंगण वाकडं, हे ठरलेलंच. "घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव करायचा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार लावून. नजर कुठे? नळीच्या टोकावरच्या माशीवर, नेम धरायच्या त्या खुंटीवर. लक्ष्य धूसर दिसतंय? दिसू दे. चाप हिसकायचा नाही, दाबत न्यायचा. आणि नेम धरेपर्यंत बोट कुठे?"

"चापाबाहेर!" सगळे ओरडायचे.

पहिला धडा संपायचा तो शेडमधल्या पाटीसमोर. साधी प्लायवूडची पाटी. सुरक्षेचा नियम मोडला की माणूस त्या दिवसापुरता बाद, मग तो कितीही मोठा असो. आणि घरी जाण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने पाटीवर नाव, तारीख आणि चूक लिहायची. ही टूम नेडाचीच. नवख्यांना ती एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवायची. नवव्या ओळीवर मात्र तिचं बोट थांबायचं नाही, सरळ दहाव्यावर जायचं. नववी ओळ अशी होती: वेड टिप्टन, गोळी पायाशी.

वेड तिचा एकुलता एक. बारा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, राज्याच्या संघासाठी निवड चालली होती आणि पोरगा सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत धावता धावता गोळ्यांची मॅगझिन बदलताना त्याचं बोट चापावर राहिलं आणि एक गोळी त्याच्याच पायाजवळ मातीत घुसली. शेजारीही दुसऱ्या कुणाची फेरी धडाधड चालू होती, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. फक्त त्याच्या खांद्याशी पंच म्हणून उभ्या असलेल्या नेडाच्या आलं.

"थांब!" ती ओरडली.

"आई, कुणी पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला. "फक्त तूच."

"मी पाहिलं ना."

जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. या बाईने उलटंच केलं. निवड हुकली, आणि पोराने पाटीवर नाव लिहिलं, इतकं दाबून की लाकडाला चरा पडला. क्लबचा अध्यक्ष रॉयस तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नेडा, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हा क्लब आहे." त्याच वर्षी वेड शेजारच्या राज्यात, टल्साला निघून गेला. पिस्तुलाला त्याने पुन्हा हात लावला नाही. नाताळला आणि तिच्या वाढदिवसाला त्याचा फोन येतो, आणि मायलेक हवामानावर बोलतात. बारा वर्षं ती रॉयसच्या त्या एका वाक्यावर जगली. पोर गेलं ते गेलं, पण नियम तरी खरा होता, असं ती स्वतःला सांगायची. दुसरं होतंच काय तिच्याकडे सांगायला?

यंदा आधी तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग गुडघ्याचं. चार महिने खाणीकडे फिरकणं झालं नाही. सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा सामन्याला आली, तेव्हा रॉयसने गाडीतून खुर्ची काढली.

"तुझ्यासाठी आणलीय खास."

"तूच बस. तुझे गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे आहेत."

सगळे हसले. तिला एवढंच हवं होतं: पूर्वीसारखं उभं राहायचं, आणि कुणी सांभाळून घ्यायचं नाही.

पंच होता कोल्बी. तिचाच चेला, तीन वर्षांपूर्वी मऊ पट्टा बांधून आलेला. नेडाची फेरी हळू झाली, पण एक सोडून सगळी लक्ष्यं लागली. हात भरून आले होते, धाप लागली होती.

"संपलं असेल तर रिकामं करा आणि दाखवा," कोल्बी म्हणाला.

आता इथे क्रम असतो. आधी मॅगझिन काढायची, मग पिस्तुलावरची सरकती स्लाइड मागे ओढायची. उलटं केलं तर ओढलेली स्लाइड एक गोळी बाहेर फेकते आणि मॅगझिनमधली दुसरी आत घेते. मग मॅगझिन काढून काय उपयोग? पिस्तूल भरलेलंच. हे तिने हजार वेळा घसा फोडून सांगितलं होतं. त्या दिवशी तिने नेमकं उलटं केलं. स्लाइड ओढली, एक गोळी बाजूला पडली, मग मॅगझिन काढली आणि नळी समोर ठेवून पिस्तूल कोल्बीला दाखवलं. आत वाकून बघणं हे पंचाचं काम. पण चेले आदराने जिला मिस नेडा म्हणत, तिचं पिस्तूल कोण तपासणार? म्हणजे पाद्रीबाबांना प्रार्थना येते का विचारण्यासारखं! कोल्बी तिच्या टोपीकडे बघत म्हणाला, "रिकामं असेल तर खात्रीला चाप ओढा."

धाड! समोरच्या मातीच्या बंधाऱ्यातून धूळ उडाली.

नेडा जागची हलली नाही. आता "थांब" ऐकू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. कोल्बीने रॉयसकडे बघितलं. रॉयसने आपल्या बुटांकडे बघितलं.

"सगळी लक्ष्यं बघून घ्या," रॉयस म्हणाला. "गुण लिहा. पुढे कोण आहे?"

आणि तिच्या गटातली आठच्या आठ माणसं चिकटपट्टीची भेंडोळी घेऊन लक्ष्यांवरची भोकं बुजवायला निघाली, जणू काही झालंच नाही.

"कोल्बी, काय झालं ते बोल," नेडा म्हणाली.

"मिस नेडा, मी आत नीट पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

"तुझी आहेच. तिचं नंतर बघते. माझी काय?"

रॉयसने तिचा कोपर धरला. "सोड ना, नेडा. बंधाऱ्यात गेली, कुणाला लागलं नाही. इतक्या महिन्यांनी आलीस, बरं वाटलं सगळ्यांना. तू काय आता जिंकायला येतेस का?"

"मग कशाला येते?"

"आम्हाला भेटायला," तो मायेने म्हणाला.

शिवी दिली असती तर तिने परत दिली असती. मायेला काय परत देणार? तिने पिस्तूल नीट रिकामं केलं, पिशवीत घातलं आणि ती लंगडत शेडकडे गेली. भिंतीवर दोन खिळे होते. पाटी नव्हती.

"रॉयस! पाटी कुठाय?"

"जूनमध्ये काढली," तो मागून आला. "नव्या लोकांना अपमान वाटतो गं. दोघं-तिघं परत आलेच नाहीत."

"माझा मुलगाही परत आला नाही, रॉयस."

रॉयस लक्ष्यांकडे परत गेला.

पाटी शेडच्या कोपऱ्यातल्या ड्रमांच्या मागे सापडली, तिच्यावर कॉफीचं भांडं ठेवलेलं. नवव्या ओळीवर गोल डाग पडला होता. नेडाने बाहीने पुसला, तो गेला नाही. मग तिने खिशातल्या पेनाने सगळ्यात खाली लिहिलं: नेडा टिप्टन, रिकामं करताना गोळी. आणि पाटी पुन्हा खिळ्यांना टांगली. कुणी अडवलं नाही. ती गेल्यावर कुणीतरी काढून टाकणारच होतं.

गाडीत बसून तिने टल्साला फोन लावला. ना नाताळ, ना वाढदिवस, वेड घाबरला.

"आई? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. मी आज बाद झाले."

"कुणी केलं?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं. मीच नाव लिहिलं, तुझ्या पाटीवर." तिने गाडीची काच वर केली. "वेड, त्यांनी मला सोडून दिलं रे."

"तुझ्याजवळ सोडून देणारी माणसं होती, आई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "माझ्याजवळ तू होतीस."

मग त्यानेच सांगितलं की टल्साला सकाळपासून पाऊस आहे. इकडे कोरडंच आहे, असं ती म्हणाली.