आतून तीन ठोके

विमान संग्रहालयातून फोन आला तेव्हा आप्पा समोरच बसून शेंगा फोडत होते, आणि त्यांच्या वतीने मी नाही म्हणून मोकळी झाले. आप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही कान जवळजवळ गेलेले. त्यांना प्रश्न ओरडून सांगायचा, त्यांनी "आं?" म्हणायचं, मग परत ओरडायचं, एवढा धीर माझ्यात नाही. माझा स्वभाव तापट आहे हे मी लग्नाआधीच नवऱ्याला सांगितलं होतं. तो पुण्याचा. त्याला वाटलं, ही विनयाने बोलतेय. असो.

हे संग्रहालय आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. विमानं बघायला लोक येतात ते येतातच, पण तिथल्या हिरवळीवर दर रविवारी कुणा ना कुणाच्या पोराचा वाढदिवस असतो, विमानाच्या आकाराचा केक असतो, शाळांच्या चित्रकला स्पर्धा असतात. या वेळी मात्र वाढदिवस खुद्द विमानाचाच होता म्हणायला हरकत नाही. दोन पंख्यांचं एक जुनं मालवाहू विमान कित्येक वर्षं मागच्या शेडमध्ये गंजत पडलं होतं, ते दुरुस्त करून नवंकोरं केलं होतं. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी त्याचा सोहळा. प्रमुख पाहुणे त्याच्या अंगावर शेवटचा रिवेट मारणार, मग पूजा, आणि ते विमान ज्यांनी त्या काळी बांधलं त्या जुन्या कामगारांना शाल आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा.

"तुमच्या वडिलांना घेऊन याल ना, मॅडम?" फोनवरचे अधिकारी मोठ्या उत्साहात विचारत होते.

"नाही हो, त्यांना नाही जमणार. गुडघे गेलेत, ऐकू येत नाही, गर्दीत घाबरतात," मी म्हणाले. यातलं शेवटचं धडधडीत खोटं होतं. घाबरते मी.

आप्पा विशीत बेळगावकडच्या गावातून बेंगळुरूला आले आणि विमानाच्या कारखान्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत. काम रिवेटचं. विमानाचे पत्रे एकमेकांना जोडायला हजारो रिवेट लागतात, आणि एक रिवेट मारायला दोन माणसं. बाहेरचा गन धरून ठोकतो. आतला माणूस विमानाच्या पोटात बसून रिवेटच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे ते टोक चेपून घट्ट बसतं. त्या ठोकळ्याला ते डॉली म्हणत. आप्पा अंगाने काडी, कुठल्याही भोकातून आत शिरायचे, म्हणून जन्मभर आतलेच राहिले. त्या आवाजात बोलणं अशक्य. मग ठोक्यांनी बोलायचं. आतून एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झाला, पुढचा घे. तीन म्हणजे बिघडला, ड्रिल लावून काढून टाक. कान गेले ते तिथंच.

आमच्या घरात सुद्धा हीच भाषा. ताटावर बोटाने एक टक केलं की भात वाढायचा, दोन केले की बास. तीन टक मी कधी ऐकले नाहीत. आईच्या स्वयंपाकाला नको म्हणायची त्यांची छाती नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितलेली नाही. शाळेत मी मिरवायचे, माझे आप्पा विमानं बनवतात. मग एकदा कारखान्यात घरच्या माणसांना बोलावलं होतं, तेव्हा आम्ही मुली मुली बघायला गेलो. माझ्या मैत्रिणीचे वडील टाय लावून नकाशा समजावून सांगत होते. आणि माझ्या आप्पांचे फक्त पाय दिसले. विमानाच्या पोटाखालून बाहेर आलेले, मळकट पँटमधले, अनवाणी पाय. "तुझे बाबा कुठायत गं?" मैत्रिणीने विचारलं, आणि मी म्हणाले, "आज सुट्टीवर आहेत." मला लाज वाटली होती. नंतर त्या लाजेची लाज वाटली, पण सांगणार कुणाला?

तर, मी नाही म्हटलं आणि विषय संपला असं समजून बसले. पण निवृत्त कामगारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काय चीज आहे ते मी विसरले होते. दोन दिवसांनी आप्पा फोन घेऊन स्वयंपाकघरात आले.

"पोरी, ह्यांनी मला बोलावलंय. तू नको म्हणालीस?"

मी कूकरची शिट्टी चढवत ओरडून गुडघ्यांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. माझं सगळं त्यांनी शांतपणे बघितलं. ऐकलं म्हणत नाही, बघितलं.

"मला विचारलंस काय?"

"त्यात काय विचारायचं, आप्पा?"

"मी जाणार. तू आलीस तर ये, न्हाय तर रिक्षा करतो की मी."

त्या दिवशी मी इतकी चिडले की भाजीत दोनदा मीठ घातलं. नवरा बिचारा मुकाट्याने जेवला.

सोहळ्याच्या सकाळी आप्पा पांढरा शर्ट घालून साडेसातलाच तयार. संग्रहालयात गेलो तर काय थाट! विमानाच्या नाकाला हातभर जाड झेंडूचा हार, दोन्ही चाकांपुढे लिंबं, दाराला केळीचे खुंट, एका बाजूला नादस्वरवाले, आणि माणसं तर हिरवळीवर मावत नव्हती. आप्पांनी विमानाभोवती एक फेरी मारली. पंखाखाली उभं राहून पत्र्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

दाराशेजारच्या एका पत्र्यावर शेवटच्या रिवेटचं भोक रिकामं ठेवलं होतं. पाहुणे बाहेरून गन मारणार आणि आतून डॉली धरणार संग्रहालयाचा एक स्वयंसेवक. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारे दोन इंजिनियर सुट्टीच्या दिवशी येऊन या विमानावर राबले होते, त्यातला तो एक. तो सराव करत होता. एका हातात डॉली, दुसऱ्या हातात मोबाइल.

आप्पांनी ते पाहिलं मात्र! "असं धरतात काय रे डॉली?" त्यांचा आवाज पार नादस्वरापर्यंत गेला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते फोनवरचे अधिकारी धावतच आले, त्यांचे डोळे चमकले. "सर, मग तुम्हीच बसा की आत! विमान बांधणारा माणूसच शेवटचा रिवेट धरणार, याहून मोठं काय?"

"छे छे, नाही जमणार त्यांना—" माझं वाक्य अर्धवटच राहिलं, कारण आप्पांनी चपला काढल्या होत्या. घड्याळ माझ्या हातात दिलं. कानातलं यंत्र काढून तेही दिलं. गन सुरू झाली की ते यंत्र कान फाडतं म्हणाले. मग चार पायऱ्यांची शिडी. पुढून इंजिनियरने हात दिला, मागून माझ्या नवऱ्याने आधार दिला, आणि आप्पा विमानात गेले.

मी खाली उभी. आप्पांचे हात थरथरतात. सकाळचा चहा कपापेक्षा बशीत जास्त असतो. आयुष्यभराची कमाई म्हणून या माणसाकडे एकच गोष्ट उरली होती, आपल्याला हे काम येतं ही. एवढ्या लोकांसमोर डॉली हातातून निसटली, तर तेही गेलं. घरी जाऊन ते पुन्हा त्या खुर्चीत बसतील आणि शेंगा फोडत राहतील, आणि मी काय करणार?

प्रमुख पाहुणे म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक, उंच, पांढऱ्या मिशांचे. हेच विमान त्यांनी तरुणपणी चालवलेलं. त्यांनी हसत हसत गन उचलली, कॅमेरे पुढे सरसावले आणि ट्रर्रर्र सुरू झालं. फोटोवाले "सर, इकडे! सर, एक मिनिट!" करत होते आणि साहेबांचं बोट काही चापावरून उठेना. शेवटी थांबले. बाहेरून रिवेट शर्टाच्या नव्या बटणासारखा चकचकीत. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी शाल उलगडली.

आणि आतून आवाज आला. टक, टक, टक.

कुणाचं लक्ष नव्हतं. मी मात्र मोजले, तीन. पुन्हा, या वेळी जोरात: टक, टक, टक! टाळ्या विरल्या. दोघे इंजिनियर एकमेकांकडे बघू लागले.

अधिकारी माझ्या कानाशी आले. "मॅडम, त्यांना सांगा ना, झालं म्हणून. छान झालं. आता बाहेर या म्हणावं."

मी शिडी चढून दारातून डोकं आत घातलं. आप्पा बुटक्या स्टुलावर बसले होते, डॉली दोन्ही हातांनी छातीशी. हात दगडासारखे स्थिर. इतके स्थिर हात मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी अंगठ्याने रिवेटचं आतलं टोक दाखवलं. चेपून त्याचा पार पापड झालेला, कडेला बारीक चीर.

"सरी इल्ला. तेगीरी म्हणावं त्यांना," आप्पा म्हणाले. बरोबर नाही, काढा. आप्पा कामाचं बोलले की कन्नडमध्ये बोलतात.

मी हातवारे करून सांगितलं, जाऊ द्या हो आप्पा, विमान नुसतं बघायला ठेवायचंय, उडायचं थोडंच आहे?

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी सहावीतली झाले. "न्हाय उडंना का. रिवेट धरलाय तर मी न्हवं?"

खाली अधिकारी हाताने "या, या" करत होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की झालं, सगळं ठीक आहे. रोज म्हणते मी तसं, दिवसातून दहा वेळा. पण आप्पांनी तीन ठोके दिले होते, आणि त्याचे दोन करायचा अधिकार मला कुणी दिला? मी खाली उतरले, निवेदिकेच्या हातातून माइक अक्षरशः ओढला आणि कन्नडमध्ये खणखणीत सांगितलं, "आत माझे वडील आहेत. त्यांनी जन्मभर विमानात बसून रिवेट धरलेत. तीन ठोके म्हणजे रिवेट बिघडला. ते म्हणतायत, काढा."

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. पाहुण्यांच्या हातचा रिवेट, आणि काढा! साहेब शिडीवर चढले, दारातून हात आत घालून त्यांनी बोटाने रिवेट चाचपला. मग खाली आले आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

"खरं आहे. काढा," ते म्हणाले. आणि माझ्या हातातून माइक घेऊन म्हणाले, "मी ही विमानं वर्षानुवर्षं चालवली. आत बसून कुणीतरी नको म्हणत होतं, म्हणून मी दर वेळी सुखरूप खाली उतरलो. आज कळलं."

माझे डोळे घळाघळा वाहू लागले, आणि मी ते पुसलेही नाहीत. त्या मळकट पँटमधल्या पायांचे धनी आत बसले होते, आणि सगळं मैदान त्यांच्या ठोक्यासाठी श्वास रोखून उभं होतं.

ड्रिल लावलं, जुना रिवेट काढला, नवा घातला. साहेबांनी या वेळी जपून, थोडकाच मारला आणि थांबले. आतून एक टक. शाळेतल्या मुलासारखे निमूटपणे त्यांनी आणखी जरासा मारला. आता काहीच आवाज नाही. आप्पा अंगठा फिरवून बघत असणार. मग, टक, टक.

अहो, काय तो आवाज उठला लोकांचा! नादस्वरवाल्याने कुणी न सांगता सूर लावला, म्हातारे कामगार खुर्च्यांवरून उठून शिट्ट्या मारू लागले, माझा पुणेरी नवरा, जो कधी कुणासमोर तोंड उघडत नाही, तो "आप्पा! आप्पा!" करून ओरडत होता. आप्पांना यातलं काही ऐकू येत नव्हतं.

आणि ते बाहेरही येईनात. आतून पुन्हा ठोके, थोडं पुढे सरकून. तीन. आणखी पुढे, परत तीन. आधी बसवलेली सगळी ओळ ते अंगठ्याने तपासत चालले होते. इंजिनियरने खडू आणून बाहेरून खुणा करायला सुरुवात केली, तर साहेबांनी खडू त्याच्या हातून काढून घेतला आणि स्वतः फुल्या मारू लागले. त्या एका ओळीत पाच फुल्या पडल्या. अधिकाऱ्यांनी आधी कपाळ पुसलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

आप्पा बाहेर आले ते पांढऱ्या शर्टावर काळे पट्टे घेऊन. शाल झाली, पेटा झाला, तो डाव्या कानावर घसरला. मी यंत्र त्यांच्या कानात बसवत होते तेवढ्यात अधिकारी माइक घेऊन माझ्यापाशी आले. "मॅडम, आमच्या स्वयंसेवक मुलांना शिकवायला हे येतील का? आठवड्यातून दोन दिवस?"

"अहो, त्यांचे गुडघे—" मी सुरू केलंच.

आप्पांनी माझ्यासमोरून हात लांब करून माइक घेतला. "उद्या हत्यारं पूजेला बसतील, त्यांना हात लावायचा नाही. परवा सकाळी आठला येतो," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आणि यापुढं मला काही विचारायचं असलं तर मलाच विचारा. हिला विचारू नका. ही नको म्हणते."

सगळं मैदान खो खो हसलं. मला असा राग आला, असा राग आला आणि इतका आनंद झाला की मी पदर खोचून जोरात ओरडले, "येणार म्हणजे काय, येणारच ते! परवा आठला!"

"ते मी सांगितलंय की आत्ता," आप्पा म्हणाले.