दोनदा केलेलं गणित

उपग्रह सांभाळणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे आत्या म्हणत, कारण तिच्याइतकं जुनं तिथे फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. अकरा वर्षं एकच उपग्रह तिच्याकडे होता. दर पंधरवड्याला हलकासा धक्का दिला, की तो आपली जागा धरून राहायचा. मग एका सकाळी तो मुका झाला, कुठला हुकूमही ऐकेना. म्हाताऱ्या उपग्रहांना वाटेतून वर ढकलून देतात, याच्या बाबतीत तेही राहून गेलं.

"आत्या, शंभर वर्षांनी कुठे असेल हो तुमचा लाडका?" साहेबांनी विचारलं.

तिने गणित केलं, तर तो पूर्वेला गेला. सुरुवातीची जागा जेमतेम चार हात सरकवून पुन्हा केलं, तर पश्चिमेला.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले.

"मशीन ठणठणीत आहे!" आत्या उसळली. "पृथ्वीच कुठे नीट गोल आहे? तिच्या फुगवट्यांची दोन्हीकडून सारखी ओढ लागते, नेमक्या तिथे अडकलाय बिचारा. फिरफिरून तिथेच येणार, आणि पुढे इकडे जाणार की तिकडे, ते कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही."

अहवालात तिने तसंच लिहिलं, बाप वगळून.

त्याच आठवड्यात ती निवृत्त झाली. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "यापुढचा पत्ता, आत्या. इथेच राहणार, की भावाकडे?"

भावाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने खोलीचा जुनाच पत्ता लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. तिला ना कुणी इकडे ओढत होतं, ना तिकडे. हे गणित दोनदा करायची गरजच नव्हती.